भाऊजींच्या दोन पेट्या

बातमी आली तेव्हा मी सावलीच्या बस स्टँडजवळ न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण होता. फोन बाईचा होता. बाई म्हणजे माझी थोरली बहीण शकुन; आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणायचं असतं. एरवी बाईचा फोन म्हणजे आधी माझी थोडी खरडपट्टी आणि मग कामाचं बोलणं. त्या दिवशी खरडपट्टी झाली नाही. "वसंता," ती म्हणाली, "तुहे भाऊजी उठून नाई राह्यले." मी म्हटलं, "झोपू दे ना मंग." मला खरंच तसं वाटलं. जेवण झालं की भाऊजी मागच्या खोलीतल्या खुर्चीत टेकायचे आणि तिथेच त्यांचा डोळा लागायचा, हे त्यांच्या सगळ्या आलापल्ली गावाला माहीत होतं. ती त्याच साध्या आवाजात म्हणाली, "नाई रे बाबू. उठूनच नाई राह्यले." न्हाव्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, वस्तरा खाली ठेवला आणि उरलेला साबण ओल्या फडक्याने पुसून दिला. तशीच अर्धी दाढी घेऊन मी आलापल्लीला पोचलो. घरात माणसं जमली होती, त्यांतलं कुणी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. भाऊजी असते तर पहिला शब्द त्यावरच आला असता.

भाऊजी, म्हणजे देवरावजी, एका सरकारी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तंत्रज्ञ होते. बोलणारे काचेच्या पलीकडे, हे अलीकडे; लाल दिवा लागला की कुणी आवाज करायचा नाही. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे आवाज सांभाळले आणि स्वतः हाताच्या खुणांनी बोलत राहिले. ती सवय घरीही आली. पाणी हवं असलं तरी ते हात वर करायचे आणि बाई म्हणायची, "इथी कोणता लाल दिवा लागला जी? तोंडानं मांगा ना." भाऊजी हसायचे आणि पुन्हा हातच वर करायचे. उंच, किडकिडीत माणूस. एक खांदा जरा खाली, कारण त्या बाजूचा कान नेहमी कशाच्या तरी जवळ नेलेला. मला ते साळेसाहेब म्हणत. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. गाण्यातलं मला इतकंच कळतं की ते चालू आहे किंवा थांबलं आहे. तरीही आयुष्यभर त्यांनी मला समोर बसवून आवाज ऐकवले. मी बहुतेक वेळा झोपून जात असे. त्याचा त्यांना राग येत नसे. उलट ते म्हणत, "झोप येते म्हणजे आवाज बरोबर हाय. टोचला असता तं जागा राह्यला असता."

या दोघांचं लग्न एका आवाजावरून झालं, असं आमच्या घरात सांगतात. सावलीकडचा आमचा सगळा पट्टा धानाचा. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बाया गाणी म्हणतात म्हणून रेडिओवाल्यांनी त्यांना केंद्रावर बोलावलं होतं, त्यांत बाईही होती. गाणी भरून झाली. मग अधिकाऱ्यांनी कौतुकाने ती बायांना ऐकवली. बाकीच्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. बाई एकटी म्हणाली, "ह्या आमी नाई." अधिकारी म्हणाले, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की सगळ्यांना असंच वाटतं. पण यंत्रापाशी बसलेल्या त्या किडकिडीत तरुणाने विचारलं, "काऊन नाई?" तेव्हा बाईने सांगितलं की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायला वाकलं की कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. समोर फक्त चिखल आणि स्वतःचे हात. कोण कुठे आहे, कोण मागे पडली, कुणाची कंबर दुखते, हे सगळं आवाजावरूनच कळतं. "ह्या आवाजावरून मले कोणीच कुठी दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. त्या तरुणाने मान डोलावली आणि खाली पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या घरची माणसं आमच्या दारात आली. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडे शिक्षणाची ओढ, कुठे काही अडलं नाही. बाई आम्हाला सांगायची, "मी एक खोट काढली, तं त्यायनं मले घरीच आणलं."

काही वर्षांनी त्या केंद्रात दोन नव्या पेट्या आल्या. नव्या म्हणजे तिथे नव्या. बनावट जुनी, विलायती. राखाडी रंगाच्या, चांगल्या कमरेइतक्या उंच, समोर काळं कापड. स्टुडिओत आवाज तपासायला असे स्पीकर ठेवतात. घरातल्या स्पीकरचं काम गाणं गोड करून सांगणं. या पेट्यांचं काम जे आहे ते, चुकीसकट, तसंच पुढे ठेवणं. भाऊजी म्हणत, "हा गोड नाई बोलत. खरं बोलते." त्यांनी एकदा बाईला मुद्दाम केंद्रावर नेलं, त्या पेट्यांपुढे बसवलं आणि तीच जुनी रोवणीची गाणी लावली. बाई डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हं... आता दिसते." डावीकडे कोण, उजवीकडे कोण, सगळ्या बाया तिने नावानिशी सांगितल्या. त्यातल्या एक-दोघी तोवर वारल्या होत्या. भाऊजींनी ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली की ती पाहायला मीही तिथे होतो असं मला वाटतं. काचेची खोली, थंडगार हवा, राखाडी पेट्या आणि डोळे मिटून बसलेली माझी बहीण बांधीतल्या बायांकडे बोट दाखवते आहे... मी तिथे नव्हतो.

पुढे केंद्रात नवं सामान आलं आणि त्या पेट्या कुठे तरी गेल्या. कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही. भाऊजींनी विचारपूस केली, मग सोडून दिलं. निवृत्त झाल्यावर ते आलापल्लीला वडिलांच्या घरी राहायला आले. वडील जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कामाला होते. घर कौलारू, मागे मोहफुलं साठवायची एक खोली. ती खोली भाऊजींनी झाडून घेतली, भिंतींना जुनी गोधडी आणि पोती लावली, मधोमध एक खुर्ची ठेवली आणि जाहीर केलं की त्या पेट्या आता आपण इथेच बनवायच्या. मापं डोक्यात होती. जी नव्हती ती इंटरनेटवर मिळाली, कारण जगात असली जुनी पेटी घरी घडवणारी माणसं पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांशी अगदी घरच्यासारखी भांडतात. आतले स्पीकर पार्सलने आले. साथीचे दिवस होते, म्हणून बाईने ते पार्सल आधी उन्हात ठेवलं, मग घरात घेतलं. भाऊजींचं म्हणणं एकच होतं: बाईने पुन्हा एकदा "आता दिसते" म्हणायला हवं. बाकी कुणी काय म्हणतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आणि पहिलीच चूक अशी झाली, जी आलापल्लीच्या माणसाकडूनच व्हावी. मूळ पेटी पातळ प्लायवूडची होती. नकाशात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि भाऊजींनी ते वाचलंही होतं. पण जिथला साग साऱ्या मुलखात नावाजलेला, तिथे बसून प्लायवूडची पेटी? राजन्ना सुतार तर ऐकूनच उभा राहिला. राजन्ना सिरोंच्याकडचा, त्याच्या मराठीत तेलुगूचा हेल होता आणि लाकडाबद्दल त्याची मतं फार कडक होती. "देवरावजी, माह्या हातानं मी ते कागदाचं लाकूड नाई कापत," तो म्हणाला. भाऊजींनाही मनातून तेच हवं होतं. वडिलांच्या वेळच्या सागाच्या जाड फळ्या माळ्यावर होत्या, त्या काढल्या. दोघांनी मिळून अशा पेट्या बनवल्या की पाहत राहावं. उचलायला चार माणसं लागली. तेलपाणी झालं, काळं कापड बसलं, बाईला खुर्चीत बसवलं आणि बातम्या लावल्या. बाईने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "माणूस बोलून राह्यला का कपाट?"

खरंच तसं होतं. माझ्यासारख्याच्या कानालाही कळत होतं. पुरुष बोलो, स्त्री बोलो, प्रत्येकाच्या बोलण्यात थोडा साग होता. त्यात पावसाळा आला, लाकूड फुगलं, हिवाळ्यात पुन्हा आक्रसलं आणि सांध्यातून आवाज गळायला लागला. भाऊजी म्हणाले, "आपला साग लय मानी हाय साळेसाहेब. दुसऱ्याले बोलूच देत नाई." त्या पेट्यांचे स्पीकर काढून घेतले आणि बाईने त्यांत तांदूळ भरला. अजून आहे. मग भाऊजी मुकाट्याने चंद्रपूरला जाऊन प्लायवूड घेऊन आले. राजन्ना कामाला यायचा तो मागच्या दाराने आणि फळ्या कापडात गुंडाळून आत न्यायचा. गावात कुणी विचारलं तर सांगायचा, देवरावजींकडे कोंबड्यांचं खुराडं बनवून राह्यलो. पातळ फळ्यांना आतून डांबराची चादर चिकटवायची असते, म्हणजे फळी स्वतः गुणगुणत नाही, स्पीकरला बोलू देते. भाऊजींनी छपरावर घालतात तो डांबरी कागद आणला. एप्रिल-मेच्या उन्हात त्या खोलीला नुकत्याच केलेल्या रस्त्याचा वास येऊ लागला. बाई म्हणाली, "घरात डांबर आणलं, आता बस बी इथूनच सोडा."

प्लायवूडच्या पेट्या झाल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. ती भाऊजींनी आपल्या जुन्या साहेबांकडून ऐकली होती. खोलीत बाईची एक जुनी विरलेली सुती साडी आडवी बांधायची. साडीच्या मागे पेट्या, आणि पेट्यांच्या मधोमध एक जिवंत माणूस. अलीकडे खुर्चीत बाई. कधी माणूस बोलणार, कधी त्याच माणसाचा आधी भरून ठेवलेला आवाज पेटी बोलणार. बाईने फक्त सांगायचं, आत्ता माणूस बोलला की पेटी. जिवंत माणूस बहुतेक वेळा मीच असे, कारण पाहुणा म्हणून गेलेला साळा कुठे पळणार? बाई एकदाही फसली नाही. कारणं मात्र अशी द्यायची की ऐकत राहावं. "हा वसंता नाई. वसंता बोलाच्या आधी श्वास घेते, आन् मंग काय बोलाचं ते विसरते." दुसऱ्या वेळी, "वसंताले पोट हाय. ह्याले पोट नाई." आणि शेवटी पडद्याकडे पाहून ठरलेलं वाक्य: "नाई जमलं जी." भाऊजी हात वर करायचे, म्हणजे ऐकलं. मग पेटी उघडायची, आतला कापूस थोडा इकडे, डांबरी कागद थोडा तिकडे, एखादी तार सोडायची, दुसरी जोडायची. पुन्हा पेटी बंद. कित्येक वर्षं हे चाललं. त्या खोलीतल्या दुपारी मला वेगवेगळ्या आठवतच नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे, साडी वाऱ्याने जराशी हलते आहे, तिच्या एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि मीच बोलतो आहे की माझी पेटी बोलते आहे याचा माझा मलाच घोळ झालेला... त्या घोळात केव्हा तरी झोप लागायची.

एकदा मी बाईला स्वयंपाकघरात गाठलं. भाऊजी दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका, वजन उचलू नका असं सांगितलं होतं आणि भाऊजींनी आल्या आल्या पेटी उघडली होती. मी म्हटलं, "बाई, एकदा हो म्हणून टाक ना. तुहं काय जाते?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "खोटं काऊन बोलू? त्यायले समजन." मी म्हटलं, समजलं तर समजलं, माणूस खूश तर होईल. तिने विळी आडवी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "आन् मी हो म्हटलं, तं उद्यापासून ते काय करतीन?" तिचे डोळे भरले होते. मागच्या खोलीत भाऊजी पेटीवर बोटाने टकटक करत होते. एक बाजू, मग दुसरी बाजू. बाई तिकडे कान लावून होती. "डावी कच्ची हाय अजून," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

मी भाऊजींनाही विचारलं होतं, हे सगळं कशासाठी? बोलायचं म्हणजे त्यांना थांबावंच लागे. मग म्हणाले, "साळेसाहेब, हवेत सोडलेला आवाज परत येत नाई. नोकरीभर मी तेच केलं, सोडत गेलो. एक तं असा ठेवला पायजे, का घरच्या माणसाले वाटन, माणूस इथीच हाय." हे बोलून त्यांना फार बोललो असं वाटलं असावं, कारण नंतर बराच वेळ ते पेचकसच शोधत राहिले. तो त्यांच्या खिशात होता.

यंदा शिमग्याच्या सुमारास मी गेलो, तेव्हा त्यांना एक नवीन गोष्ट सुचली होती. घरात भरलेला आवाज घरातच वाजवला तर भिंतींचा घुमारा दोनदा ऐकू येतो आणि बाई त्यावरूनच ओळखते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आवाज अशा जागी भरायचा जिथे भिंतच नाही. ऑटो करून आम्ही तिघं जंगलात गेलो. सागाची पानं गळून गेली होती, खाली त्यांचा जाड थर होता आणि मधूनच एखादा पळस पेटलेला. बाईने डबा घेतला होता आणि मोहफुलांसाठी टोपली. एका मोकळ्या जागी भाऊजींनी माझ्या पायाखालची पानं हातांनी बाजूला केली, पाय हलला तरी कुरकुर होऊ नये म्हणून. त्यांनी वजन उचलायचं नाही म्हणून आवाज भरायच्या यंत्राची पिशवी मीच धरली होती, ती घेऊन ते एका दगडावर बसले, कानांवर हेडफोन चढवले आणि हात वर केला. काय बोलावं ते मला सुचेना. मग मी माझ्या नेहमीच्या वाटेवरचे थांबे म्हणायला लागलो: सावली, व्याहाड, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी... आणि परत उलटे. आवाज माझ्या तोंडातून निघत होता आणि जात होता. कुठेही आपटत नव्हता, परत येत नव्हता. इतकी विचित्र वेळ मी कधी अनुभवली नाही. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की मी इथे नाहीच, कुणी तरी माझी गावं म्हणतं आहे आणि मी लांबून ऐकतो आहे. भाऊजींचे डोळे मिटलेले होते, हात तसाच वर. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग हात खाली आला. बाई मोहाखाली फुलं वेचत पार लांब गेली होती, तिला बोलावलं आणि आम्ही पानांवरच बसून जेवलो. निघताना भाऊजी म्हणाले, "पुढच्या बारीले आलास का हे लावून पाहू. ह्या बारीले ती फसते, तू पाह्यजो." पुढच्या वेळी गेलो तो अर्धी दाढी घेऊन.

भाऊजींच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडपवाल्याने मोठाले स्पीकर लावले होते. वंदना सुरू झाली आणि प्रत्येक शब्द मंडपात तीनदा घुमायला लागला. बाई उठली, सरळ स्पीकरपाशी बसलेल्या मुलाजवळ गेली आणि म्हणाली, "बंद कर बाबू. त्यायले तरास होईन." मग सगळ्यांनी नुसत्या तोंडाने वंदना म्हटली. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू आलं, पण कुणी तक्रार केली नाही. राजन्ना पुढे बसला होता आणि लहान मुलासारखा रडत होता. त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलं की ते कोंबड्यांचं खुराडं नव्हतं.

माणसं गेली. मी थांबलो, कारण बाईला एकटं सोडवेना. ती नेहमीसारखी वागत होती. नेहमीसारखी खरडपट्टीही सुरू झाली होती. फक्त मागच्या खोलीत ती जात नव्हती. केर काढायला यायची ती उंबऱ्यापर्यंत, तिथून परत. खोलीत सगळं तसंच होतं. खुर्ची, आडवी बांधलेली साडी, साडीमागे त्या दोन पेट्या. डांबराचा वास आता जवळजवळ गेला होता.

एका दुपारी, जेवणाला थोडा अवकाश होता, बाई स्वयंपाकघरात भात बघत होती, तेव्हा मी त्या खोलीत जाऊन बसलो. मनात काही विशेष नव्हतं. जंगलात भरलेला माझा आवाज ऐकायचा राहिला होता, इतकंच. यंत्र कसं लावायचं ते वर्षानुवर्षं पाहून मला येत होतं. लावलं आणि भाऊजींच्या खुर्चीत टेकलो. पडद्यामागून मी बोलायला लागलो: सावली, व्याहाड, गडचिरोली... आवाज खोलीत नव्हता, खोलीच्या बाहेर कुठे तरी, झाडांमध्ये होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला वाटतं चामोर्शीच्या आसपास माझा डोळा लागला. स्वतःच्याच बोलण्याने झोपणारा माणूस मी... झोपेत थांबे पुढे सरकत होते, सुलटे, उलटे, मग ते संपले. पानं कुरकुरली. कुणी तरी गुडघ्यावर हात टेकून उठलं. जंगलातल्या त्या दिवशी हात खाली करताना भाऊजी यंत्र बंद करायला विसरले होते. उभ्या नोकरीत असं एकदाही झालं नसेल.

"अवो..." भाऊजी म्हणाले. "कुठी राह्यली व? ये ना. भूक लागून राह्यली."

"आली जी, आली," बाईने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. अर्धवट झोपेत मी ऐकत होतो. भांड्यावर झाकण पडलं, गॅस बंद झाला, पळी वाजली. बाईची पावलं मधल्या घरातून आली आणि उंबऱ्यावर न थांबता आत आली. तेवढ्यात पडद्यामागून, फार लांबून, झाडांमधून आणखी एक बाई म्हणाली, "आली जी..." मी डोळे उघडले.

बाई खोलीच्या मधोमध उभी होती. तिच्या हातात वाढलेलं ताट होतं. भातातून वाफ निघत होती. मी यंत्राकडे हात नेला, तर तिने मान हलवली. पडद्यामागे वाळक्या पानांवरून कुणाची तरी पावलं जवळ जवळ येत होती. भाऊजी वाट पाहत उभे असावेत. पावलं अगदी जवळ आली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, एक बटण दाबलं गेलं आणि सगळं बंद झालं.

बाईने एका हाताने साडी बाजूला केली. दोन पेट्या. मधल्या जागेत, जिथे माणूस उभा राहायचा, तिथे नुसती जमीन.

"झोपला होतास का रे?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो."

"मी तं जागी होती," बाई म्हणाली. मग त्या मधल्या जागेकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जमलं जी तुमाले."

हातातल्या ताटाचं आता काय करायचं, ते तिलाही कळेना आणि मलाही.